कोणत्या पाण्याचा?

सकाळी साडेसातच्या सुमारास मावशीची हाक येते. "पालक, मेथी, सांबाऽऽर!" सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी सून पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला "सांबार चिरून ठेव गं" म्हटलं, तेव्हा ती बिचारी पाच मिनिटं फ्रिज उघडून उभी होती. ते असो. मावशीकडे आता टोपलं नाही. नातवाची जुनी सायकल आहे, कॅरिअरला प्लास्टिकचा क्रेट बांधलाय आणि त्यावर ओलं गोणपाट. सायकल ती चालवत नाही, हाताने ढकलत आणते, पारडीच्या पलीकडून नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीपर्यंत.

पूर्व नागपुरात भाजीवालीला भावाच्याही आधी एक प्रश्न विचारतात. "कोणत्या पाण्याची?" उत्तर ठरलेलं असतं. "विहिरीच्या." सगळीच भाजी विहिरीच्या पाण्याची असेल तर एवढ्या विहिरी आहेत तरी कुठे, हे मात्र विचारायचं नसतं. विचारणाऱ्याचं समाधान होतं, सांगणारीचा माल खपतो.

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, मावशी एकदा वैतागली. समोरच्या वहिनींनी पालकाची जुडी उलटीपालटी करत तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता.

"नाल्याच्या पाण्याचा हाय," ती म्हणाली. "विहिरीचा म्हटलं तर तुमाले खरं वाटत नाही, नाल्याचा म्हटलं तर तुमी घेत नाही. मंग म्या बोलू काय? पान पाहा न बाई!"

वहिनी आत गेल्या. मी पान पाहिलं. तळहाताएवढं रुंद, गर्द हिरवं, उजेडात धरलं तर शिरा काढून दाखवाव्यात असं. देठाच्या बुडाशी लालसर झाक आणि देठाच्या पन्हळीत काळ्या चिखलाची एक वाळलेली रेघ. (आपला पालक खरं तर बिटाच्या कुळातला, परदेशातल्या 'स्पिनॅच'चा तो सख्खा नातेवाईक नाही. ती लाल झाक माहेरची.) एक भोक नाही, एक पिवळा ठिपका नाही. मी दोन जुड्या घेतल्या, आणि घरात आल्यावर त्या ओट्यावर ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

नाला म्हणजे नाग नदी. शहराला जिचं नाव मिळालं तिलाच आम्ही नाला म्हणतो. वाडीच्या पुढे लावा गावाच्या टेकड्यांत ती उगम पावते, अंबाझरी तलाव, मग शहराच्या पोटातून वळसे घेत पूर्वेला येते, पिवळी नदीला भेटते आणि पुढे कन्हानला मिळते. मधल्या सगळ्या वाटेवर शहराने आपलं धुणं-भांडं तिच्यात ओतलेलं असतं. शुद्धीकरणाचे प्रकल्प आले तरी एप्रिल-मेमध्ये तिच्या पात्रातून जे वाहतं ते काही पावसाचं पाणी नसतं. काठच्या भाजीवाल्यांना मात्र ते प्रिय आहे, आणि त्याला पक्की कारणं आहेत. बारा महिने मिळतं, फुकट मिळतं, आणि त्यात नत्र, स्फुरद (नायट्रोजन, फॉस्फरस) विरघळलेलंच असतं. मावशी खतावर पैसा घालत नाही. "पाण्यातच खत हाय," ती म्हणते, आणि यात ती अगदी बरोबर आहे. फक्त शहराच्या सांडपाण्यात स्वयंपाकघर आणि मोरी यांच्याबरोबर गिलीट करणाऱ्याचं, बॅटरी दुरुस्तीवाल्याचं, रंगाच्या कारखान्याचं धुवणही येऊ शकतं, आणि ते ज्या मातीत मुरतं तिथून परत जात नाही. नत्र वापरलं जातं, उडून जातं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम तिथेच बसून राहतात.

हे सगळं मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आहे, तेवढं तर यायलाच हवं. पण एक गोष्ट मी कधी नीट विचारात घेतली नव्हती. एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढलेली दोन रोपं सारखं विष उचलत नाहीत. किती उचलतात हे पाण्यावर ठरतं, मातीवर ठरतं, आणि त्या रोपाचं पोट भरलेलं आहे की नाही यावरही ठरतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं "कोणत्या पाण्याची?" विचारत राहिलो. "जेवलेली आहे का?" असं कुठल्या भाजीबद्दल कुणी विचारलं नाही.

माझं या विषयाशी नातं आहे ते संत्र्याचं. बाबांची काटोलकडे बाग होती, आता चुलतभाऊ बघतो. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका आंबिया बहारात बाबांनी मला एका झाडाखाली उभं करून शेंड्याची पानं दाखवली होती. लहान, अरुंद, उभी राहिलेली. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधली जागा पिवळी, जणू कुणी हिरव्या शाईने पिवळ्या कागदावर नकाशा काढलाय. बाबा म्हणाले, "हे झाड उपाशी हाय." मला हसू आलं. पायाखाली एवढी काळीभोर जमीन, ओली झाली की चपलेला दोन-दोन किलो चिकटणारी, आणि झाड म्हणे उपाशी!

पुढे शिकवताना कळलं की बाबा बरोबर होते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) साधारण आठच्या आसपास, पोटात चुनखडी आणि चिकणमाती भरपूर. अशा जमिनीत जस्त असतं, पण मुळाला मिळत नाही. पेवात जोंधळा आहे आणि पेवाच्या तोंडावर धोंडा, तशी गत. म्हणून बागाईतदार झिंक सल्फेट पाण्यात कालवून, त्याची आम्लता मारायला चुन्याची निवळी टाकून थेट पानावर फवारतात. जमिनीच्या वाटेने जात नाही ना, मग खिडकीतून द्या.

आता जस्ताची ही भूक आणि मावशीचा पालक यांचा संबंध काय, तर तो एका जर्मन माणसाने १८१७ सालीच लावून ठेवलाय, त्याला स्वतःला कल्पना नसताना. फ्रीडरिश श्ट्रोमायर हा ग्यॉटिंगेनचा प्राध्यापक औषधांच्या दुकानांची तपासणीही करायचा. जस्ताचं कार्बोनेट तापवलं की पिवळसर होतं म्हणून त्यात लोह असेल असा संशय घ्यायचे. याने पाहिलं, लोह तर नाही, मग पिवळं कशाने? शोधता शोधता जस्ताच्या आड लपलेला नवा धातू सापडला, कॅडमियम. म्हणजे हा धातू जगाला सापडला तोच जस्तातली भेसळ म्हणून! आवर्त सारणीत दोघे एकाच गटात, वर जस्त, खाली कॅडमियम. वर्गात मी म्हणायचे, कॅडमियम स्वभावाने जस्तासारखा आणि अंगाने कॅल्शियमएवढा. त्याच्या आयनाचा आकार खरंच कॅल्शियमच्या आयनाला अगदी जवळचा आहे. मुलं हसायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. मीही त्या वाक्याच्या पुढे कधी गेले नाही. जो जस्ताच्या वेशात येतो आणि कॅल्शियमच्या मापाचा आहे, त्याला कोण अडवणार, हा प्रश्न त्याच वाक्यात होता.

मुळाच्या पेशीला भिंत असते, पडदा असतो आणि पडद्यात दारं असतात. प्रत्येक अन्नद्रव्यासाठी प्रथिनांची बनलेली वेगळी दारं. पण दारावरचा पहारेकरी चेहरा ओळखतो, जातकुळी तपासत नाही. जस्त भरपूर असतं तेव्हा दारं मोजकी आणि गर्दी जस्ताचीच, कॅडमियमला आत शिरायला वाव कमी. जस्त मिळेनासं झालं की रोप घाबरतं, जास्त दारं उघडतं, आणि मग जो येईल तो आत. लोहाचं तर याहून स्पष्ट आहे. लोहाची टंचाई जाणवली की मुळांवर लोह ओढणारी दारं झपाट्याने वाढतात, आणि तीच दारं जस्त, मॅंगनीज, कोबाल्ट आणि कॅडमियम यांनाही आत घेतात. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. रोपालाही तेच लागू.

१९९४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतांचे निष्कर्ष छापून आले. त्या जमिनी जस्ताला मोताद. तिथे हेक्टरी चार-पाच किलोपर्यंत जस्त दिल्यावर दाण्यातलं कॅडमियम काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलं. मातीतलं कॅडमियम होतं तेवढंच होतं. फक्त गव्हाला जेवायला मिळालं. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पडतो हे वाचून मला माझ्या एकतीस वर्षांचा थोडा रागच आला.

भाताची तऱ्हा आणखी वेगळी. भंडारा-गोंदियाकडचं तांदळाचं पोतं आमच्याकडेही येतं, म्हणून वाचलं. धान सिलिकॉन प्रचंड खातं. पातीवरून हात फिरवला की बोट कापतं ते त्याचमुळे. सिलिकॉन आत घेणारं दार जपानी संशोधकांनी २००६ मध्ये ओळखलं, आणि दोनच वर्षांत कळलं की पाण्याने भरलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आर्सेनिक ज्या रूपात असतं ते याच दाराने आत जातं. बांधी कोरडी ठेवली तर आर्सेनिकचं दुसरं रूप स्फुरदाच्या दाराने घुसतं. शिवाय कोरड्या बांधीत आर्सेनिक घटतं आणि कॅडमियम मोकळं होतं. पाणी भरलं की उलट. इकडे आड, तिकडे विहीर. सुदैवाने आर्सेनिक ही मुख्यतः बंगालकडची व्यथा, तेव्हा पुन्हा पालकाकडे येऊ.

विष आत आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. रोप गंधकापासून सिस्टीन बनवतं, त्यापासून ग्लुटाथायोन, आणि ग्लुटाथायोनचे मणी ओवून एक साखळी. १९८५ मध्ये जर्मनीत ती ओळखली गेली, तिचं नाव फायटोकिलेटिन. ही साखळी कॅडमियमला मिठी मारते आणि ओढत पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, नेऊन कोंडते. आजी नको ती कागदपत्रं ट्रंकेत टाकून वर बसायची, तसं. मुळांमध्येच ते कोंडलं गेलं तर पानापर्यंत फारसं पोचत नाही. पण मण्यांना गंधक लागतं. पूर्वी शेतकरी सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचे, त्यात स्फुरदाबरोबर अकरा-बारा टक्के गंधक आपसूक जायचं. मग डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आलं, पोतं हलकं, स्फुरद जास्त, गंधक शून्य. बाबा म्हणायचे सुपरच्या पोत्याने पाठ मोडते. खरंच मोडायची. पण त्या ओझ्यात काहीतरी होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, सोपं आहे, खत घाला आणि निर्धास्त व्हा. मलाही आठवडाभर तसंच वाटलं होतं.

पण खत कोणतं? स्फुरदाची खतं ज्या खनिज दगडापासून बनतात त्यातच कॅडमियम कमीजास्त असतं. समुद्रतळाच्या गाळापासून झालेल्या दगडात जास्त, ज्वालामुखीजन्य दगडात कमी. युरोपात आता स्फुरदाच्या (P₂O₅ धरून) किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. झिंक सल्फेट म्हणाल तर जस्त आणि कॅडमियम खाणीतूनच हातात हात घालून येतात, त्यामुळे आपल्या खत नियंत्रण आदेशातही झिंक सल्फेटमध्ये कॅडमियम आणि शिसं किती चालेल याची मर्यादा बांधलेली आहे. बिनशिक्क्याची स्वस्त पुडी घेतली तर औषधाबरोबर रोगही घरी आला म्हणायचं. म्युरेट ऑफ पोटॅश या पालाशच्या खतातलं क्लोराइड मातीतल्या कॅडमियमशी जोडी जमवून त्याला मोकळं फिरवतं. अमोनियाच्या रूपातलं नत्र शोषताना मूळ आम्ल सोडतं आणि मुळाभोवतालचा सामू उतरतो, की धातू सुटे होतात; नायट्रेटच्या रूपात दिलं तर उलट. स्फुरद शिशाला बांधून ठेवतं, पण तेच स्फुरद मातीला चिकटलेल्या आर्सेनिकला ढकलून बाहेर काढतं.

आणि आपली काळी माती? तिची मला गंमत वाटते. जस्ताला ज्या चुनखडीने आणि चिकणमातीने कोंडून ठेवलं, त्याच दोघी कॅडमियम आणि शिशालाही कोंडून ठेवतात. लाल, आम्ल मातीच्या मुलखात हेच सांडपाणी पाजलं असतं तर भाजीत कितीतरी जास्त गेलं असतं. म्हणजे जी माती झाडाला उपाशी ठेवते तीच त्याला वाचवतेही. खाष्ट सासू. शिवाय नाल्याच्या पाण्यात जस्तही असतंच, बहुधा कॅडमियमच्या कितीतरी पट. तेव्हा मावशीचा पालक बघून "विष, विष" ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि "काही होत नाही, आम्ही लहानपणापासून खातो" म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही.

या दोन्ही प्रकारांत बसणारे एक काका आमच्या कॉलनीत आहेत. नाल्याच्या भाजीविरुद्ध तेच सगळ्यात जास्त बोलतात, ही त्यातली मौज. परवा गेटपाशी उभं राहून ते मला जड धातूंवर व्याख्यान देत होते आणि हातात प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू होतं. तंबाखू हे कॅडमियम पानात साठवणाऱ्या पिकांतलं अव्वल पीक आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एक चिमूट गालात सरकवली आणि "ते वेगळं असते मॅडम" म्हणाले.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकते, नाहीतर मी फार शहाणी असल्यासारखं वाटेल. नाल्याचा पालक नको म्हणून मी गच्चीवर कुंड्या केल्या. अर्ध्या कुंड्यांत काटोलहून आणलेली बागेची माती, अर्ध्यांत एका विक्रेत्याकडून घेतलेलं कंपोस्ट. पोत्यावर 'शंभर टक्के सेंद्रिय' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं. काटोलच्या मातीतला पालक पिवळट, चोरट्यासारखा वाढला. कंपोस्टमधला असा फोफावला की मी फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकले. दोनदा पातळभाजी झाली, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. तिसऱ्या खेपेला कुंडी उकरताना खुरप्याला काहीतरी कडक लागलं. काचेचा तुकडा. मग शाम्पूच्या पुडीची चंदेरी पट्टी. मग एक काळी, बोटभर लांब, गोल कांडी, आणि तिच्यामागून दुसरी.

ती कांडी मी लगेच ओळखली. लहानपणी टॉर्चचे सेल संपले की आम्ही दगडाने ठेचून तीच कांडी काढायचो आणि अंगणातल्या फरशीवर लंगडीचे चौकोन आखायचो. ती कार्बनची, निरुपद्रवी. प्रश्न तिच्याभोवतीच्या डबीचा. ती डबी जस्ताची असते, आणि जुन्या सेलमध्ये पत्रा नीट वळावा, लवकर झिजू नये म्हणून जस्तात थोडं शिसं, थोडं कॅडमियम घालत. कांड्या माझ्या हातात होत्या आणि डब्यांचा पत्ता नव्हता. डब्या कुंडीत विरघळून गेल्या होत्या, किंवा पोत्यात येण्याआधीच कुठेतरी. शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे. पण नियम तपासलेल्या पोत्याला लागतो, माझ्या पोत्यावर तर कुणाचं नीट नावही नव्हतं. त्यात गंमत अशी की चांगल्या कुजलेल्या खतातलं ह्यूमस हे धातूंना धरून ठेवणारं सगळ्यात गुणी द्रव्य. चोरही त्याच पोत्यात आणि पोलीसही. मी ती माती मोगऱ्याच्या कुंड्यांत भरली आणि ग्रुपवर काही बोलले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या बाजूला कामिओका इथे जस्ताची खाण. खाणीच्या सांडपाण्यातलं कॅडमियम नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत, भात माणसांच्या पोटात. माणसांची हाडं ठिसूळ होऊ लागली, इतकी की खोकल्यानेही मोडावीत. दुखणाईत "इताई, इताई" करून कण्हायचे, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". तेच रोगाचं नाव झालं. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने हा प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. भात घरात सगळेच खात होते. पण रोगी बहुतेक बायका होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या.

हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. कारण पुढचं मला येत होतं, मुळांच्या धड्यात नुकतंच वाचलं होतं. शरीरात लोहाचा साठा कमी झाला की आतड्यात लोह ओढणारी दारं वाढतात आणि त्या दारांतून कॅडमियमही जास्त शिरतं. कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, मुलांमध्ये तर विशेष. आतडं आणि मूळ, दोघांची रीत एक. आत गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा दहा, वीस वीस वर्षं मुक्काम करतं.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळलं. मला आकडा नको होता, मला माझी आई पुरेशी आहे. सहा बाळंतपणं, सगळ्यांची पानं उठल्यावर स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवणारी. भाजीचं पातेलं पुसून घेतलं की झालं तिचं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त कमी आहे, पालक खा. पालकातलं लोह तसंही थोडंच अंगी लागतं, पण ती श्रद्धेने खायची. तेव्हा तो पालक कुठल्या पाण्याचा होता, हे कुणी विचारलं नव्हतं. एकाच ताटातला एकच पालक बाबांना जेवढा देत होता आणि तिला जेवढा देत होता, त्यात फरक असणार. भाजी तीच. दारं किती उघडी आहेत, ते वेगळं.

सरकारची मृदा आरोग्य पत्रिका चुलतभावाकडे आहे, प्लास्टिकच्या कव्हरात घालून देव्हाऱ्याजवळ ठेवली आहे. योजना २०१५ ची. त्यात बारा रकाने: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मॅंगनीज, बोरॉन. बाराच्या बारा अन्नाचे, एकही विषाचा नाही. पूर्वी मला हे अर्धवट वाटायचं. आता वाटतं, विषाचा अंदाज बांधायलाही हे बारा रकाने नीट वाचले पाहिजेत. जस्ताच्या रकान्यात 'कमी' लिहिलं असेल तर ती नुसती उत्पन्नाची बातमी नाही. ती कुणाच्या तरी ताटाची बातमी आहे.

हे मावशीला सांगून पाहिलं मी. अगदी शिकवल्यासारखं नाही, सायकल भिंतीला टेकवून ती पाणी पीत होती तेव्हा. थोडं झिंक टाकून बघ, फार पैसे लागत नाहीत. तिने फुलपात्र पालथं करून उरलेलं पाणी गोणपाटावर शिंपडलं.

"जमीन माही कुठं हाय बाई? वर्साच्या बोलीवर हाय. पुढल्या साली मालक कोणाले देते, कोणाले माहीत. त्याच्या जमिनीले म्या कायले खाऊ घालू?"

एकतीस वर्षांत मला वर्गात कुणी इतकं नेमकं निरुत्तर केलं नव्हतं. मातीत घातलेलं जस्त पुढची दोन-तीन वर्षं पुरतं, हाच तर मी त्याचा गुण म्हणून सांगणार होते.

तेव्हापासून मी माझ्यापुरतं करते ते एवढंच. पालक तीन पाण्यांनी धुते. शिसं बरंचसं धुळीतून येऊन पानावर बसलेलं असतं, ते जातं. देठाची माती बोटाने काढते. कॅडमियम धुतल्याने जात नाही, ते पानाच्या आत आहे, त्यामुळे त्याबद्दल नळाला त्रास देत नाही. रोज पालक करत नाही. वांगं, भेदरं (म्हणजे टोमॅटो), दोडकं, भोपळा आलटून पालटून करते, कारण फळात पानापेक्षा धातू कमी पोचतात. आणि सुनेला आमच्याबरोबरच जेवायला बसवते. ती आधी "आई, मी नंतर बसते" म्हणायची. आता म्हणत नाही.

या दिवाळीनंतर मावशी तीन आठवडे आलीच नाही. आली तेव्हा क्रेटमधला पालक वेगळाच होता, पान लहान, फिकट, जुड्या रबरात बांधलेल्या. ती जुडी नेहमी केळीच्या सोपाने बांधायची.

"तिकडं ले-आउट पडला," ती म्हणाली. "खुंट्या गाडल्या, मुरूम टाकला. गेलं वावर."

मी जुडी हातात घेतली, पानं उजेडात धरली आणि सवयीने विचारलं, "मग हा कोणत्या पाण्याचा?"

मावशीने सुटे पैसे मोजत माझ्याकडे पाहिलं.

"कळमन्याच्या बाजारातला," ती म्हणाली. "ठोकचा."